शरणपूरचे विद्यार्थी आणि सुटकेचे वाङ्मय

लिबियात २०११ साली नाटोने नागरिकांच्या रक्षणाचे कारण देऊन बॉम्बफेक केली. २०१७ साली त्याच लिबियात आफ्रिकी स्थलांतरितांचा लिलाव होत असल्याचे चित्रण जगाने पाहिले. आपल्या मुस्लिम लेखक-वाचकांच्या चर्चेत यावरून एक मत पक्के झालेले दिसते. गुलामगिरीचे नाव घेऊन पाश्चात्त्य सत्ता दुसऱ्याच्या मुलखात शिरतात, म्हणून त्यांच्या कळवळ्यावर विश्वास ठेवू नये, असे ते मत. ते निराधार नाही. पण अपुरे आहे, असे आम्हाला वाटते. त्याची तपासणी करायला फार लांब जावे लागत नाही. आमच्या नाशिक रोड स्थानकावरून शहरात गेले की शरणपूर रस्ता लागतो. त्या नावामागे या वादाचा जुना इतिहास आहे.

शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५० च्या दशकात ती उभी केली. त्या काळी ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलामांची गलबते पकडत असे. त्यांतील आफ्रिकी मुले मुंबई बंदरात उतरवली जात आणि त्यांतली काही शरणपूरला येत. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. त्यांचा बाप्तिस्मा होई आणि नावे बदलत. चेंगविंबे नावाचा याओ जमातीचा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. ही मुले विकली जाण्यापासून वाचली, हे सत्य आहे. त्यांचे नाव, भाषा आणि धर्म कोणता असावा हे दुसऱ्यांनी ठरवले, हेही तितकेच सत्य आहे.

याच शाळेचा विद्यार्थी जेकब वेनराइट. तो आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या तांड्यात गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत वेनराइट होता आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीत शवपेटीजवळही होता. या सगळ्या प्रवासाची रोजनिशी त्याने इंग्रजीत लिहिली. पण इंग्रजी वाचकांपुढे आले ते होरेस वॉलरने १८७४ साली संपादित केलेले लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या नोंदींचे पुस्तक. त्यात चुमा आणि सुसी या सोबत्यांची हकीकत आली, तीही संपादकाच्या शब्दांत. वेनराइटची मूळ हस्तलिखित रोजनिशी सर्वांसाठी खुली झाली २०१९ साली. मध्ये जवळजवळ दीडशे वर्षे गेली. नाशिकला शिकलेल्या या लेखकाची मराठी समीक्षेने अजून दखल घ्यायची आहे.

आता हस्तक्षेपाकडे पाहू. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर १८७३ साली झांझिबारला गेले. सुलतान बरगशने गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या करारावर सही करावी, ही मागणी. सुलतानाने नकार दिला. मग आरमारी नाकेबंदीची धमकी आली आणि जूनमध्ये सही झाली. समुद्रावरील व्यापार बंद झाला. १८९० साली मात्र झांझिबारच ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली गेले आणि तेथील गुलामगिरीची कायदेशीर मान्यता उठायला १८९७ उजाडले. मुलूख आधी गेला, गुलाम नंतर सुटले. आपल्या मित्रांचा संशय येथे खरा ठरतो.

परंतु त्या गलबतांवर माणसे कोणी चढवली, हा प्रश्न आपण टाळतो. त्या व्यापारात आपल्या धर्माचे लोक होते आणि ज्याच्या राज्यात तो बाजार भरे तो सुलतानही मुसलमानच होता. हजरत बिलाल यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. जकातीच्या खर्चात गुलाम सोडवण्याची तरतूद आहे, हे भाषणांत सांगतो. खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरवर गौरवलेख लिहितो. मात्र त्या हबशी मुलाला ज्यांनी पुन्हा पुन्हा विकले त्यांच्यावर परिच्छेदही लिहीत नाही. बाहेरच्या हस्तक्षेपाला विरोध करण्याचा नैतिक अधिकार हवा असेल, तर घरातला हिशेब आधी मांडावा लागेल.

हा हिशेब जुना नाही. मुंबईतील जरीकामाच्या कारखान्यांतून २००५ साली बिहारची लहान मुले मोठ्या संख्येने सोडवली गेली. त्या धंद्यात आपले कारखानदार होते. याच बिहारमधून ३० मे २०२३ रोजी दानापूर–पुणे गाडीने मदरशांत शिकायला निघालेली ५९ मुले भुसावळ आणि मनमाड येथे उतरवली गेली. मानवी तस्करीचा गुन्हा नोंदला गेला, सोबतच्या पाच जणांना अटक झाली, मुले बारा दिवस नाशिक आणि जळगावच्या बालगृहांत राहिली. मार्च २०२४ मध्ये गैरसमजातून गुन्हा नोंदल्याचे सांगून प्रकरण बंद झाले. तो अन्याय होता, यात शंका नाही. त्यावर आपण लिहिले, बोललो, ते योग्यच केले.

पण आदल्याच वर्षी, २०२२ साली, नाशिक जिल्ह्यातच काय घडले होते? इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी मुले थोडी रोकड आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे राबायला दिली गेली होती. एक लहान मुलगी मरण पावली, तेव्हा प्रकरण उघड झाले. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. संविधानाचे तेविसावे कलम त्याहून जुने. श्रमजीवी संघटना तेथे पोहोचली. आपले लेखक कुठे होते? ती मुले आपल्या समाजाची नव्हती, म्हणून आपली लेखणी उचलली गेली नाही, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

मनमाडला कोणी मुलांचे म्हणणे ऐकून घेतले नाही. उभाड्याला तर मूल मरेपर्यंत त्यांना कोणी विचारले नाही. शरणपूरच्या मुलांनाही नाव बदलताना कोणी विचारले नव्हते. बाहेरून येणारी मदत स्वीकारावी की नाकारावी, याची कसोटी आम्हाला येथे दिसते. मदतीला येणारा परका आहे की आपला, ही बाब दुय्यम. ज्याला सोडवायचे त्याला तो विचारतो का, आणि सुटल्यानंतर त्याच्या पोटापाण्याची सोय होते का, हे आधी पाहावे. कर्ज आणि भूक जशीच्या तशी राहिली तर सोडवलेले मूल पुन्हा त्याच गोठ्यात जाते.

मुस्लिम मराठी साहित्याने आपल्या वेदनेला मराठीत जागा मिळवून दिली, हे त्याचे मोठे काम. आता कातकरी वाडीतल्या आणि जरीच्या कारखान्यातल्या मुलालाही त्या जागेत घ्यायला हवे. वेनराइटच्या रोजनिशीचा मराठी अनुवाद नाशिकच्या एखाद्या तरुणाने हाती घेतला, तर या कामाची सुरुवात चांगली होईल.