‘छोटा मुंबई’: वाया गेलेल्या मुलाची जत्रा

आपल्याकडे एखाद्या मुलाबद्दल हलक्या आवाजात म्हणतात, “तो वाया गेला.” अन्वर रशीदच्या ‘छोटा मुंबई’चा (२००७) नायक फोर्ट कोचीतला असाच एक. नाव वास्को द गामा; खिशात दमडी नाही. गल्लीत तो ‘तला’, म्हणजे डोकं. बापाच्या मते नेमकं तेच त्याला नाही.

मारामारी, टोळक्याची धमाल, भडक रंग यांत सिनेमा त्याला सुधारायची घाई करत नाही, हे मला आवडतं. कलाभवन मणीचा पोलीस नटेशन पडद्यावर आला की हसू घशात अडकतं. पण बाप-लेकातलं दुखणं ठसठसू लागलं की लगेच गाणं नाहीतर हाणामारी येते. तेव्हा मोहनलाल ४६ वर्षांचा होता. विशीतली उनाडकी गंमत वाटते. त्या वयात तिच्यात पोकळी दिसते. सिनेमा तिच्याकडे बघायचं टाळतो.

तरीही २०२५मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पोरं थिएटरात नाचली. का नाचणार नाहीत? “पुढे काय करणार?” हा घरचा प्रश्न तेवढा वेळ दाराबाहेर थांबतो.