घर न जाळता : बरगड्यांच्या पाककृतीचे एक परीक्षण

पाककृती हा एक गद्यप्रकार आहे, ही गोष्ट आपल्या समीक्षेने अद्याप मनावर घेतलेली नाही. कथा, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन यांची परीक्षणे होतात. पाककृती ही मात्र वाचण्याची नसून केवळ करण्याची वस्तू आहे, असे गृहीत धरले जाते. वास्तविक तिच्याइतकी कठोर परीक्षा दुसऱ्या कोणत्याही गद्याची होत नाही. कवितेचा अर्थ लागला नाही तर दोष कवीचा की वाचकाचा, यावर वाद घालता येतो. पाककृतीतील एक वाक्य संदिग्ध राहिले, तर रात्री ताटात चिवट मांस पडते आणि वाद तिथेच संपतो.

प्रस्तुत लेखात अशा एकाच पाककृतीचा विचार करावयाचा आहे. डुकराच्या बरगड्या घरच्या घरी, ग्रिल नसताना, मऊ कशा शिजवाव्यात, हा तिचा विषय. इंग्रजीत यावर विपुल लेखन झालेले आहे. या लेखनाचा सूर बहुधा एकच असतो : ग्रिल हे खरे साधन, ते तुमच्यापाशी नाही, तेव्हा नाइलाजाने पुढील उपाय करा. या ‘नाइलाजा’बद्दलच माझी तक्रार आहे.

या तक्रारीचे मूळ एका जुन्या निबंधात सापडते. चार्ल्स लॅम या इंग्रज निबंधकाराने १८२२ साली भाजलेल्या डुकरावर एक विनोदी प्रबंध लिहिला. पुढील वर्षी तो त्याच्या ‘एलिया’च्या निबंधांत समाविष्ट झाला. लॅम सांगतो ते असे : फार प्राचीन काळी चीनमध्ये होती नावाचा एक वराहपालक होता. त्याच्या बोबो नावाच्या मुलाच्या हातून घराला आग लागली आणि आतली डुकराची पिल्ले होरपळली. त्यांना चाचपडताना बोबोचे बोट पोळले, ते त्याने तोंडात घातले आणि त्याला भाजलेल्या मांसाची चव कळली. त्यानंतर होतीचे घर वरचेवर जळू लागले. बापलेकांवर खटला झाला. पंचांनी आणि न्यायाधीशानेही ती चव घेतली. मग गावोगावी घरे पेटू लागली. शेवटी एका शहाण्याच्या ध्यानात आले की, डुक्कर भाजण्यासाठी घर जाळावे लागत नाही. तेव्हा कुठे लोखंडी जाळीचा उदय झाला.

हा निबंध आपण हसून सोडून देतो. परंतु त्यात समीक्षेला उपयोगी पडणारा एक विवेक आहे. सोबत घडलेली गोष्ट आणि कारण या दोहोंत माणूस सहज गल्लत करतो. बोबोच्या गावाला घराचे जळणे हेच चवीचे कारण वाटले. कारण होती ती उष्णता. यातील विनोदाचा पुढचा भाग लॅमलाही सुचला नसेल. ज्या जाळीने लोकांची घरे वाचवली, तीच जाळी आज आपल्यासाठी ‘घर’ होऊन बसली आहे. ती नसेल तर बरगड्या व्हायच्याच नाहीत, असे आपण मानू लागलो आहोत.

आता मूळ अमेरिकन परंपराच पाहू. तेथील दक्षिणेकडील राज्यांत बार्बेक्यू म्हणून जे प्रसिद्ध आहे, ते जाळीवरचे झटपट भाजणे नव्हेच. लाकडाची आग एका बाजूला ठेवतात आणि मांस तिच्या ज्वाळेपासून दूर, धुराच्या सौम्य उष्णतेत, साधारण ११० ते १२० अंश सेल्सियसला कित्येक तास राहू देतात. भडक विस्तवावर थेट ठेवलेल्या बरगड्या बाहेरून करपतात आणि आतून चामड्यासारख्या राहतात. म्हणजे ज्या परंपरेचा दाखला देऊन ग्रिलची महती सांगितली जाते, त्या परंपरेचे मर्मही ग्रिलमध्ये नाही. ते आहे मंद आच आणि दीर्घ वेळ यांत. धूर ही तिची शोभा आहे. मार्दवाशी त्याचा संबंध नाही.

मार्दव येते कोठून? बरगडीच्या मांसात कोलॅजन नावाचे चिवट संयोजक द्रव्य पुष्कळ असते. साठ-पासष्ट अंशांच्या आसपास मांसाचे तंतू आकसतात आणि आतला रस पिळून बाहेर टाकतात. सत्तर अंशांवर बरगडी पूर्ण शिजलेली असते, पण खाणाऱ्याचे दात दुखवते. त्यापुढे ओलाव्यात आणि सावकाश ती नव्वदीच्या घरात गेली, की कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन होते, आणि कोरडे पडलेले तंतू त्या स्निग्धतेने पुन्हा रसाळ लागतात. ‘शिजणे’ आणि ‘मऊ होणे’ या दोन भिन्न घटना आहेत. बहुसंख्य पाककृती त्या एकाच क्रियापदात कोंबतात, आणि वाचकाची फसगत होते ती नेमकी येथे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये डुकराच्या अखंड तुकड्यांसाठी सुरक्षित तापमान ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटांची विश्रांती असे ठरवले. तो निकष सुरक्षिततेचा आहे, मार्दवाचा नव्हे. आपल्याकडे डुकराच्या मांसातून पट्टकृमीची बाधा होण्याचे भय असते. नव्वदीपर्यंत नेलेल्या बरगडीत तेही उरत नाही.

ही कारणमीमांसा हाती आली, म्हणजे रूढ पाककृतींचे तीन दोष स्पष्ट दिसतात.

पहिला दोष प्रमाणाचा. मसाल्यांची यादी वीतभर आणि आचेविषयी एक ओळ. बरगड्यांच्या आतील बाजूस एक पांढुरका, चिवट पापुद्रा असतो. सुरीच्या टोकाने तो एका कडेला उचकटून, कोरड्या फडक्यात धरून ओढला की निघून येतो. तो राहिला तर मसाला आत शिरत नाही आणि खाताना तो दातांत येतो. पाककृतीतील हे सर्वांत उपयुक्त वाक्य. अनेकदा तेच गाळलेले असते.

दुसरा दोष खोट्या नेमकेपणाचा. ‘दोन तास ठेवा’ असे सांगणे म्हणजे सर्व डुकरे एकाच वयाची आणि सर्व शेगड्या एकाच आचेच्या मानणे होय. पाठीच्या कण्यालगतच्या आखूड बरगड्या लवकर होतात. पोटाकडच्या लांब, चरबीदार बरगड्यांना त्याहून तासभर अधिक लागतो. चांगली पाककृती घड्याळाऐवजी खुणा सांगते. मांस आकसून हाडाचे टोक बोटाच्या पेराच्या निम्म्याइतके उघडे पडले, चिमट्याने एक टोक धरून उचलताच पट्टी वाकून वरून भेगाळू लागली, हाडांमधल्या मांसात काडी विनासायास गेली, की समजावे. येथे अभिरुचीचाही प्रश्न येतो. मांस हाडावरून आपोआप गळून पडावे, ही पुष्कळांची आवड. परंतु अमेरिकेतील स्पर्धांचे परीक्षक त्याला अति शिजलेले समजतात. चावा घेतला तेवढेच मांस निघावे आणि बाकीचे हाडाला राहावे, असा त्यांचा दंडक आहे. मला तो मान्य आहे. मऊपणा म्हणजे लगदा नव्हे.

तिसरा आणि सर्वांत गंभीर दोष म्हणजे ही पाककृती आपल्या वाचकाचे स्वयंपाकघर ओळखत नाही. ओव्हन असेल तर काम सोपे आहे. मसाला लावलेल्या बरगड्या फॉईलमध्ये घट्ट गुंडाळून १३५ ते १४० अंशांवर दोन ते तीन तास ठेवाव्या. मग फॉईल उघडून, वरून रस माखून, प्रखर आचेवर दहा-पंधरा मिनिटे खरपूस होऊ द्याव्या. साखर किंवा गूळ असलेला रस लवकर करपतो, म्हणून तो शेवटीच लावावा. परंतु आपल्या बहुतेक घरांत गॅसची शेगडी, कुकर आणि तवा एवढेच असते, आणि तेवढे पुरेसे आहे. कुकरमध्ये वाफेचे तापमान १२० अंशांच्या जवळ जाते. तळाशी कपभर पाणी, वर जाळीवर बरगड्या. पहिल्या शिटीनंतर आच मंद करून वीस-पंचवीस मिनिटे, आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. पाण्यात शिजणारे मांस शंभर अंशांच्या वर जात नाही आणि कुकरही त्यापुढे फार जात नाही. खरपूस रंग साधारण १४० अंशांच्या पुढे येतो. या रंगामागची प्रक्रिया माइलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णिली. म्हणून दुसरा टप्पा तव्यावर : कुकरमधल्या रसावरची चरबी काढून तो आटवावा, बरगड्या तव्यावर उलटसुलट परताव्या, आणि आटलेला रस त्यांना माखावा. पुष्कळ पाण्यात उकडून ते पाणी ओतून टाकावे, असे काही पाककृती सांगतात. त्या रसाबरोबर जिलेटिनही मोरीत घालवतात.

यात आपल्या स्वयंपाकाला नवीन असे काय आहे? पोर्तुगीजांच्या मद्य-लसणीतल्या मांसापासून गोव्यात विंदालू झाले, ईस्ट इंडियन घरांत इंद्याल झाले. शिरक्यात मुरवलेले मांस झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवण्याची रीत त्यांनी जोपासली. बिबिंकासाठी झाकणावर निखारे ठेवून वरून आच देण्याची युक्ती गोव्याच्या गृहिणींना ठाऊक होती. मुरणे, वाफवणे, आटवणे, परतणे, हाडाला सुटणे : बरगड्यांच्या शास्त्रातील प्रत्येक टप्प्याला आपल्याकडे क्रियापद आहे. उणीव आहे ती ग्रिलची नव्हे, लिखित गद्याची.

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये वाटी-चमच्याचे माप देऊन मराठी पाककृतीला शिस्त लावली. तशा शिस्तीचे डुकराच्या मांसाविषयीचे मराठी लेखन मात्र दुर्मीळ आहे. ते मांस शिजवणाऱ्या घरांनी ते लिहिले नाही आणि इतरांनी ते लिहिण्याचे कारण नव्हते. अशा मौखिक ज्ञानाचे काय करावे, याचा एक धडा अमेरिकेनेच दिला आहे. दक्षिणेत गुलामगिरीत जन्मलेल्या ॲबी फिशर या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी आपल्या पाककृती तोंडी सांगितल्या, इतरांनी त्या उतरवून घेतल्या, आणि १८८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे पुस्तक निघाले. निरक्षर स्त्रीचे पुस्तक आज त्या देशाच्या वाङ्मयीन ठेव्यात गणले जाते.

आपल्याकडे सांगणाऱ्या अद्याप आहेत. उतरवून घेणारे कमी आहेत. नातवंडे इंग्रजीत शिकतात, बरगड्यांची कृती इंग्रजीत वाचतात, आणि ग्रिल नाही म्हणून खंतावतात. आजीला विचारावे, हे त्यांना सुचत नाही. तिने ‘अंदाजाने’ म्हटले, तर त्या अंदाजामागची खूण कोणती, हे विचारून लिहिणे हे खरे लेखनकर्म आहे. वासावरून, आवाजावरून, चमच्याला लागणाऱ्या रसाच्या दाटपणावरून तिला जे कळते, त्याला वाक्य मिळाले पाहिजे. जी पाककृती कारण सांगते, खूण दाखवते आणि वाचकाचे स्वयंपाकघर ओळखते, ती उत्तम गद्य आहे, असा माझा निर्णय आहे. या कसोटीवर आयात पाककृती बव्हंशी उतरत नाहीत. उतरतील अशा आपल्या पाककृती अजून वहीत यावयाच्या आहेत, आणि त्या सांगणाऱ्यांचे वय वाढत चालले आहे.