‘शास्त्र’ या शब्दाचे दोन अर्थ आणि विज्ञानाचे लोकाकलन

प्रस्तावना

विज्ञान आणि धर्म यांच्या संबंधाची चर्चा बहुधा ‘संघर्ष की समन्वय’ या प्रश्नापाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. इयान बार्बर यांनी या संबंधाचे संघर्ष, स्वातंत्र्य, संवाद आणि एकात्मता असे चार प्रकार मांडले. ही मांडणी उपयुक्त असली तरी ती मुख्यतः ख्रिस्ती ज्ञानपरंपरेच्या संदर्भात घडली. मराठी समाजात हा प्रश्न भाषेतच गुंतलेला आहे आणि त्याचे मूळ ‘शास्त्र’ या शब्दात आहे.

एका शब्दाची दोन प्रमाणे

‘शास्त्रात सांगितले आहे’ या विधानात प्रमाण असते ते ग्रंथवचन. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ या विधानात प्रमाण असते तो प्रयोग. रसायनशास्त्र, धर्मशास्त्र आणि ज्योतिषशास्त्र ही तिन्ही नावे एकाच साच्यातील असल्याने तिन्हींचा अधिकारही एकाच जातीचा असावा, असा समज सहज निर्माण होतो. ‘विज्ञान’ या शब्दाचाही प्रवास असाच आहे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात ज्ञान म्हणजे आत्मज्ञान आणि विज्ञान म्हणजे प्रपंचाचे ज्ञान, असा भेद येतो. प्रयोगाधिष्ठित ज्ञानपद्धती हा त्याचा आजचा अर्थ आधुनिक काळातील आहे. शब्द जुना आणि आशय नवा, अशा वेळी जुन्या शब्दाची प्रतिष्ठा नव्या आशयाला मिळते आणि नव्या आशयाची विश्वासार्हता जुन्या समजुतींनाही मिळते.

रूढींमागील ‘शास्त्रीय कारणे’ सांगणारे लेखन याच संदिग्धतेवर उभे आहे. एकादशीच्या उपवासाने पचनसंस्थेला विश्रांती मिळते, हे त्यातील नेहमीचे विधान. येथे विज्ञानाचा शब्द येतो, पद्धत येत नाही. निरीक्षण कोणी केले, तुलना कशाशी केली, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. हानी मात्र दोन्ही बाजूंची होते. वारकऱ्याची एकादशी हे विठ्ठलभक्तीचे व्रत आहे. तिला आरोग्याचा नियम ठरविले की तिच्यातील भक्तीचा आशयच गौण ठरतो. धर्माचा असा बचाव धर्मालाही न्याय देत नाही.

उत्तर आणि पडताळणी

विज्ञानप्रसाराच्या बाजूनेही एक उणीव दिसते. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणेशमूर्ती दूध पितात ही वार्ता देशभर पसरली. वैज्ञानिकांनी रंगीत दूध वापरून ते मूर्तीवरून खाली ओघळते हे दाखविले आणि पृष्ठताण व केशाकर्षण ही कारणे सांगितली. यातील रंगीत दुधाचा प्रयोग कोणालाही घरी करून पाहता येण्याजोगा होता. तेच त्याचे खरे मूल्य. परंतु प्रयोग बाजूला राहून केवळ ‘पृष्ठताण’ हा शब्द सांगितला गेला, तर श्रोत्याला एका अधिकारवाणीच्या जागी दुसरी अधिकारवाणी मिळते. लोकांकडे माहितीची तूट आहे आणि ती भरली की आकलन घडते, ही कल्पना म्हणूनच अपुरी ठरते.

याउलट 2008 मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी घेतलेली फलज्योतिषाची चाचणी पाहण्यासारखी आहे. जन्मपत्रिकेवरून व्यक्तीची बौद्धिक क्षमता सांगता येते, हा दावा त्यांनी तपासण्यासाठी घेतला. 100 बुद्धिमान आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळण्यात आल्या. त्यांतील 40 पत्रिका प्रत्येक सहभागी ज्योतिषाला देण्यात आल्या. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. त्यांची सरासरी अचूकता 46 टक्के होती. नाणेफेकीने सुमारे 50 टक्के उत्तरे बरोबर येतात. एका संस्थेने सर्व 200 पत्रिका तपासल्या. तिची 102 उत्तरे बरोबर आली. हे निष्कर्ष 2009 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या चाचणीचे महत्त्व निष्कर्षापेक्षा रचनेत आहे. दावा नेमका होता, यशापयशाची कसोटी आधी ठरली होती आणि निकाल ज्योतिषांच्या बाजूने जाण्याची वाटही मोकळी होती. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. ती एका दाव्याची परीक्षा आहे. ईश्वरश्रद्धेची किंवा नीतिमूल्यांची नव्हे. जेथे धर्माच्या नावाने वस्तुस्थितीविषयी विधान केले जाते तेथे पडताळणी लागू होते. जेथे जीवनाचा अर्थ शोधला जातो तेथे ती अपुरी पडते. हा विवेक नसेल तर विज्ञाननिष्ठाही हटवादी होऊ शकते.

महाविद्यालयांचे उत्तरदायित्व

2001 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ज्योतिर्विज्ञान’ या नावाने विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे धोरण स्वीकारले. येथे ‘विज्ञान’ हा प्रत्यय पडताळणीशिवायच बहाल झाला. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या धोरणाविरुद्धचे अपील फेटाळले. अभ्यासक्रमाचा निर्णय शैक्षणिक तज्ज्ञसंस्थेचा आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. म्हणजेच प्रश्न न्यायासनापुढून पुन्हा अध्यापकांच्या दारी आला.

उपरोक्त चाचणीचे एक कर्ते नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा अघोरी कृत्यांना शिक्षा करू शकतो. प्रश्न विचारण्याची सवय लावू शकत नाही. संविधानाने 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीद्वारे वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले, ते या सवयीसाठीच.

समारोप

विज्ञानाचे लोकाकलन म्हणजे निष्कर्षांचा साठा नव्हे. ‘हे शास्त्र आहे’ असे विधान समोर आल्यावर दावा नेमका कोणता, तो कसा तपासला आणि कोणता निकाल आल्यास तो मागे घेतला जाईल, हे तीन प्रश्न विचारता येणे म्हणजे आकलन होय. हे प्रश्न भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेपुरते मर्यादित नाहीत. ते भाषेच्या, इतिहासाच्या आणि वाणिज्याच्या वर्गातही विचारता येतात. अध्यापकाने स्वतःच्या विधानालाही ते लागू केले, तरच विद्यार्थ्याला ‘शास्त्र’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करता येतील.