आधारस्वराचे स्वातंत्र्य : फिल लेश यांचे बेसवादन

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या आस्वादात बेस गिटार हे वाद्य बहुधा दुर्लक्षित राहते. गायक ऐकला जातो, मुख्य गिटारवादक ऐकला जातो. बेस मात्र थांबला तरच जाणवतो. अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाचे बेसवादक फिल लेश (१९४०–२०२४) यांनी ही श्रवणाची सवय कशी मोडली, हे प्रस्तुत लेखात एका ध्वनिमुद्रणाच्या आधारे पाहावयाचे आहे.

लेश मूळचे व्हायोलिन व ट्रम्पेटचे विद्यार्थी. रचनाकार ल्युचियानो बेरिओ यांच्याकडे मिल्स कॉलेजात त्यांनी अध्ययन केले होते. १९६५ मध्ये ते वृंदात आले तेव्हा बेस गिटार त्यांना नवखी होती, आणि ही उणीवच त्यांच्या पथ्यावर पडली. ठोक्यावर स्वरसंगतीचा मूलस्वर द्यावा, ही बेसवादकाची रूढ शिस्त त्यांच्या हातात मुरलेली नव्हती.

‘लाइव्ह/डेड’ (१९६९) या संग्रहातील ‘डार्क स्टार’ सुमारे २३ मिनिटांचे आहे. १९६८ साली तबकडीवर आलेले हेच गीत तीन मिनिटांचेही नव्हते. येथे पहिले कडवे येण्यापूर्वीच कित्येक मिनिटे वादन चालते. स्वरसमूह मिक्सोलिडियन, म्हणजे स्वरांपुरते बोलायचे तर आपला खमाज थाट. जेरी गार्सिया यांची गिटार जेथे वाक्य पुरे करते, तेथे लेश क्वचितच नुसता दुजोरा देतात. ते वर चढतात, एखादा स्वर धरून ठेवतात, किंवा गार्सियांच्या वाक्याचे टोक उचलून भलतीकडे नेतात. गिटारचा स्वर तोच असला तरी खालचा बेस सरकताच त्याचा अर्थ पालटतो.

अशा वादनाला आपल्याकडे घाईने ‘जुगलबंदी’ म्हटले जाते. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. रागसंगीतात कलावंत कितीही दूर गेला तरी तानपुऱ्याचा षड्ज अचल असतो. उपजेचे धाडस त्याच्या भरवशावर चालते. ‘जॅम’मध्ये, म्हणजे सामूहिक उत्स्फूर्त वादनात, पायाखालची भूमीच चालू लागू शकते. खरा भारतीय दुवा तालाच्या बाजूस आहे : वृंदातील तालवादक मिकी हार्ट यांनी उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे शिक्षण घेतले होते, आणि याच संग्रहातील ‘द इलेव्हन’ अकरा मात्रांत बांधलेले आहे.

या स्वातंत्र्याची किंमतही आहे. लेश आधार काढून घेतात आणि इतरांचे कान तिकडे नसतात, तेव्हा वादन केवळ लांबते. वृंदाच्या विपुल मैफल-मुद्रणांत असे रेंगाळलेले भाग थोडे नाहीत. चाहते त्यांचाही गौरव करतात, हा भाग वेगळा. ‘डार्क स्टार’ तसे होत नाही, कारण येथे लेश यांच्या प्रत्येक हालचालीची कोणीतरी दखल घेतो : कधी गिटार वाट बदलते, कधी सारा वृंद क्षणभर मंदावतो.

हे मुद्रण प्रथम एका लहान ध्वनिक्षेपकावर ऐकले तेव्हा बेस जवळजवळ हरवलेला होता आणि गिटार दिशाहीन भटकते आहे असे वाटले. पुढे हेडफोनवर ऐकले तेव्हा ती कोणाला उत्तर देत होती, ते कळले.