सोळा पानांचा संयम

फोटोंचे ढीग आपल्या घरोघरी आहेत; स्वतः छापलेली पुस्तिका क्वचितच. अल्बममध्ये सगळे चालते, पुस्तिकेला निवड लागते. अमेरिकन चित्रकार एड रुशे याने १९६३ मध्ये २६ पेट्रोलपंपांच्या फोटोंचे पुस्तक स्वतःच काढले, ४०० प्रती. फोटो अगदी साधे, सोबत फक्त पंपाचे नाव आणि ठिकाण. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते नाकारले. पुढच्या वर्षी त्याने त्या नकाराचीच जाहिरात केली! पुस्तक टिकले ते एकाच विषयाला धरून राहिल्यामुळे.

बुरैदाची पुस्तिका काढताना म्हणूनच मला वाटते, वाढदिवस, सहली, सूर्यास्त वगळावेत. ऑगस्टमधला खजूरबाजार, सुक्करीच्या पेट्यांनी भरलेल्या पिकअप गाड्या, एवढेच ठेवावे. मधे पिना मारलेल्या पुस्तिकेची पाने ४ च्या पटीत येतात, १६ पुरेत. मायदेशी परतल्यावर मुलांना हे गाव त्यातूनच ओळखता येईल.