घोडेस्वारांची चित्रे आणि हरणाची नजर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये आगगाड्या आणि कारखाने जनजीवन झपाट्याने बदलून टाकीत होते. त्याच वेळी तेथील धनिक रसिक मात्र गतकाळाच्या चित्रांवर लुब्ध झाले होते. टोपीत पीस, पायात उंच बूट आणि कमरेला तलवार असलेले तेराव्या लुईच्या काळातील घोडेस्वार खाणावळीच्या दारात थांबले आहेत, कोणी पत्ते खेळत आहे, कोणी शिकारीहून परतला आहे, अशी ती चित्रे. अर्नेस्ट मेसोनिए (१८१५-१८९१) हा या प्रकारातील अग्रगण्य चित्रकार. जुने पोशाख आणि शस्त्रे जमवून, त्यांतील बारकावे न्याहाळून तो लहानशा लाकडी फळीवर सारा गतकाळ उभा करी.

त्याच्या कौशल्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण या चित्रांत तलवार आहे, जखम नाही. शिकारी आहे, सावजाची वेदना नाही. वस्तुतः तो काळ असा नव्हता. लोरेन प्रांताच्या जाक कालो या चित्रकाराने १६३३ साली युद्धातील अत्याचार आपल्या छापचित्रांतून जगापुढे मांडले. आणि त्याच लोरेनच्या उपाशी जनतेसाठी संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी पॅरिसमध्ये मदत गोळा केली. आपल्या धर्मग्रामांतून ज्यांच्या नावाने गरिबांची सेवा होते, तेच हे संत. गतकाळाची ओढ वाईट नव्हे. मात्र ती दुःख वगळून केवळ वेशभूषा जपू लागली, की कलेतील सत्य हरवते.

मग शिकारीचे चित्र सुंदर असू नये काय? अवश्य असावे. पंधराव्या शतकातील इटालियन चित्रकार पिसानेल्लो याचे संत युस्टेस यांच्यावरील चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यातील घोड्यावरचा शिकारी दरबारी थाटात नटलेला आहे, भोवती कुत्रे आहेत. परंतु समोरच्या हरणाच्या शिंगांमध्ये क्रूसावरील ख्रिस्त आहे. ज्याला मारायचे, त्याच्याच ठायी प्रभू भेटतो आणि शिकारी थबकतो. तेथे पोशाख गौण ठरतो.

अशा चित्रासाठी आपणा खानदेशवासीयांना लंडनला जावयास नको. जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवरील अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात शरभ जातकाची कथा रंगवली आहे. मृगयेस निघालेला राजा हरणाचा पाठलाग करताना खड्ड्यात पडतो आणि तेच हरीण त्याला पाठीवर घेऊन वर काढते. धर्म निराळा, काळ निराळा. तथापि शिकाऱ्याचे अंतःकरण पालटते ते सावजाच्या दयेने, ही जाण तीच आहे.

याच लेण्यांपाशी १८१९ साली मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने पोहोचला. दहाव्या लेण्यातील चित्रावर त्याने आपले नाव कोरले. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल या दुसऱ्या लष्करी अधिकाऱ्याने त्याच चित्रांच्या प्रतिकृती करण्यात अनेक वर्षे वेचली. तोही शिकारीचा शौकीन. त्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. १८७९ साली तो मरण पावला. त्याची कबर भुसावळला आहे. एकाने चित्रावर स्वतःचे नाव ठेवले. दुसऱ्याने चित्रापुढे बसून पाहण्याचे कष्ट घेतले. स्वार दोघेही, परंतु नजर निराळी.

साहेबांच्या शिकारीत रानात हाका घालण्यास जे भिल्ल बांधव जात, त्यांचे वंशज आज रविवारी आपल्या शेजारी मिस्साला बसतात. ऐटबाज स्वारांच्या चित्रांत त्यांना क्वचितच जागा मिळाली. पालकांनी मुलांना अजिंठ्याला अवश्य न्यावे, आणि सतराव्या लेण्यात राजाच्या मुकुटापूर्वी हरणाकडे बोट दाखवावे.