आधी आतले, मग बाहेरचे

आंबेगावच्या सातगाव पठारावर बटाट्याच्या पानांवर तपकिरी, वलयावलयांचे ठिपके उमटले की शेतकरी ओळखतो : करपा. तो आणणाऱ्या बुरशीचे नाव अल्टरनेरिया सोलानी. खाली मंचर-नारायणगाव पट्ट्यात टोमॅटोलाही तिचे भाऊबंद सोडत नाहीत. या बुरशीच्या एका जनुकातली एक जागा चोखंदळ वाचकाने थांबून पाहावी अशी आहे.

ॲझोक्सिस्ट्रोबिनसारखे औषध बुरशीच्या सायटोक्रोम बी या प्रथिनाला चिकटते आणि तिचा श्वास कोंडते. कित्येक बुरश्यांनी त्यावर तोड काढली. प्रथिनातल्या 143व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲलानिन आले की औषध जवळजवळ निकामी होते. अल्टरनेरिया सोलानीला ही वाट बंद आहे, कारण त्या जागेचा संकेत संपतो तिथे लागूनच एक इंट्रॉन सुरू होतो. इंट्रॉन म्हणजे जनुकातून आरएनएत उतरणारा, पण प्रथिन घडण्याआधी छाटला जाणारा मजकूर. छाट कुठे द्यायचा हे ठरायला शेजारच्या संकेताची अक्षरेही लागतात. ती बदलली तर छाटणी अडते, प्रथिन बनत नाही आणि बुरशी जगत नाही. म्हणून अमेरिकेतल्या बटाट्याच्या शेतांत तिने बदल केला तो 129व्या जागी, आणि त्यातून मिळालेला प्रतिकार तुलनेने दुबळा ठरला. जो मजकूर प्रथिनात कधी दिसणारच नाही, त्याने शेजारचे एक अक्षर असे धरून ठेवले आहे!

आता याहून गुंतागुंतीची रचना : इंट्रॉनच्या पोटात इंट्रॉन. पहिली नोंद 1991ची, कोपर्टिनो आणि हॅलिक यांची, युग्लिना या हिरव्या एकपेशीय जीवाच्या हरितकणातली. बुरशीच्या केंद्रकातल्या जनुकांत असे जोड-इंट्रॉन दाखवले ते मिशेल फ्लिप्फी, एर्झेबेत फेकेते, लेव्हेंटे काराफा आणि क्लॉडिओ स्काझोकिओ यांच्या गटाने, 2013 साली.

त्यांची अक्षरे सावकाश वाचावीत. केंद्रकातला साधा इंट्रॉन बहुधा जी-यूने सुरू होतो आणि ए-जीने संपतो. जोड-इंट्रॉनच्या एका प्रकारात बाहेरच्याचा पहिला जी येतो, आणि त्याचा यू येण्याआधीच आतला अख्खा इंट्रॉन मध्ये शिरतो, स्वतःचा जी-यू आणि स्वतःचा ए-जी घेऊन. तो संपल्यावर बाहेरच्याचा यू. म्हणजे बाहेरचा इंट्रॉन मजकुरात आहे, पण त्याची सुरुवात अजून लिहिलीच गेलेली नाही. आतला छाटला जातो, विलग पडलेले जी आणि यू जुळतात, आणि मग पेशीच्या छाटणी-यंत्रणेला बाहेरच्याचे तोंड सापडते. सिंहासन बत्तिशीत पोटकथा संपली तरी ती कथेत उरते. इथे पोटकथा पुसली गेल्याशिवाय मूळ कथेला आरंभच नाही. आतला गेलेला, बाहेरचा अजून राहिलेला, अशी मधली अवस्था त्या संशोधकांना प्रयोगात हाती लागली. त्यांच्या कामातला मला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो, कारण त्यामुळे क्रम हा केवळ तर्क राहिला नाही.

हे घडले कसे? एक वाट सरळ आहे : जुन्या इंट्रॉनच्या आरंभाच्या अक्षरांत नवा येऊन घुसला. पण हायपोझायलेसी कुळातल्या बुरशीत जवळजवळ सारख्याच घडणीचे जोड-इंट्रॉन निरनिराळ्या जनुकांत आढळले आहेत, त्यावरून अख्खी जोडीच प्रती काढत पसरत असावी असे दिसते. पश्चिम घाटाच्या रानात वाळक्या लाकडावर कोळशासारखे काळे, टणक गोळे दिसतात. ती डाल्डिनिया, याच कुळातली. भीमाशंकरला जाणाऱ्या अभ्यासकाने तिच्याकडे या नजरेने पाहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उलट दिशेचा प्रवास ओळखणे अधिक कठीण. आतला इंट्रॉन उत्क्रांतीत अलगद गळून गेला, तर मागे साधा, निर्दोष इंट्रॉन उरतो. त्याच्या अक्षरांत जुन्या जोडीदाराची खूण नसते. त्यासाठी जवळच्या नात्यातल्या बुरश्यांची तीच जागा शेजारी-शेजारी ठेवून वाचावी लागते.